अकरा गाठींवरचा शब्द

१

डनली साहेबाच्या कापसाच्या अकरा गाठी अकोल्याच्या वखारीत उतरवल्या, तेव्हा त्यांच्यावर पेढीचा मार्काच नव्हता. मार्क्याच्या जागी हातभर लांबीचा एक इंग्रजी शब्द काळ्या रंगात रंगवलेला होता, आणि तो कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणारा नव्हता.

हमालांना त्याचं काय सोयरसुतक! पण तिथं रेल्वेच्या कामावरचे चार गोरे इंजिनेर उभे होते. त्यांनी शब्द वाचला, एकमेकांकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. त्यांच्यातल्या एकानं मुंबईच्या वर्तमानपत्राला पत्र धाडलं. मग मुंबईचे साहेब हसले, त्यांच्या मडमा हसल्या, आणि डनलीच्या पेढीचा मालक तेवढा हसला नाही. त्यानं डनलीला कळवलं, की बिनमार्क्याचा माल आम्ही उचलणार नाही, आणि आमच्या नावाचं हसं करणारा माणूस सापडला नाही तर तुझ्या जागी दुसरा एजंट पाठवू.

शब्द होता 'कॉटनेअर'. कॉटन म्हणजे कापूस आणि मिलिअनेअर म्हणजे लक्षाधीश. एकाचं डोकं कापून दुसऱ्याच्या धडावर बसवलेलं. कापसावर रातोरात फुगलेला माणूस, असा त्याचा अर्थ. साल होतं १८६४. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई पेटली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता, आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीत सोनं पिकत होतं. कुणबी-माळी गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकून घेत होते. पण सगळ्यांत जास्त कोण फुगलं म्हणाल, तर डनली. तीन वर्षांपूर्वी पत्र्याची एक पेटी घेऊन अमरावतीत उतरलेला हा गडी आता चार घोडे बाळगून होता. त्यामुळे ज्यानं त्यानं तो शब्द डनलीच्याच अंगावर घातला, आणि त्याच्या अंगावर तो शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखा बसला.

डनलीनं वेळ घालवला नाही. त्याच्या कचेरीत इंग्रजी जाणणारा एकच देशी माणूस होता, कारकून चंद्रभान. जातीचा माळी, मिशनच्या शाळेत शिकलेला. त्याला हातकड्या घालून कोठडीत टाकलं. मालाची खूण बिघडवली, पेढीची बदनामी केली. फटके आणि दोन वर्षांची सक्तमजुरी. जिल्ह्याचे डिप्टी कमिशनर साहेब दौऱ्यावरून परतले की निकाल, म्हणजे बारा दिवसांनी.

पोलीस ठाण्यातल्या नत्थुजी जमादाराला हे सगळं ठाऊक होतं आणि त्याला त्यात पडायचं नव्हतं. निजामाची, कंपनीची आणि आता राणीची, अशी तीन सरकारांची चाकरी केलेला हा माणूस. गोऱ्यानं एकदा बोट दाखवलं की त्या बोटाच्या टोकाला कोण उभं आहे हे कोणी तपासत नाही, हे तो शिकून चुकला होता. पण चंद्रभानचा बाप खुशाल माळी सकाळपासून त्याच्या दारात बसून होता, आणि हलायला तयार नव्हता.

"जमादार, माह्या पोट्ट्यानं हे नाई केलं."

"तुले कसं ठाऊक?"

"त्यानं कधी वांग्याच्या वाफ्यात वाकडं पाणी सोडलं नाई जी. अन् मी त्याले इंग्रजी कावून शिकवलं? जेलात जाया? मले त्याच्या शब्दाचा अर्थबी समजत नाई. पण थो त्याचा नाई, एवढं समजते."

"अरे, साहेब म्हणते त्याचाच हाय."

"मंग साहेबाले इचारा ना, त्याले कसं ठाऊक!"

माळ्याच्या तोंडून निघालेला हा प्रश्न जमादाराला आधी सुचला नव्हता, आणि त्याचाच त्याला राग आला. त्यानं पागोटं डोक्यावर ठेवलं.

२

डनली बंगल्याच्या ओसरीवर पाय पसरून बसला होता. दुभाष्याला त्यानं स्वतःच कोठडीत टाकल्यामुळे त्याला आपल्या मोडक्या हिंदुस्थानीवर निभवावं लागत होतं.

"वही है," तो म्हणाला. "दूसरा कोई हो ही नहीं सकता."

"कैसे साहेब?"

"वो लफ्ज उसी का है." एवढं बोलून साहेब एकदम गप्प झाला. मग घाईघाईनं म्हणाला, "मतलब, अंग्रेजी और कौन जानता है?"

"पॉवेल साहेब जानते हैं."

पॉवेल हा दुसऱ्या पेढीचा एजंट. डनलीचा माल अडला की त्याचा माल पुढे जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. डनली हसला, पण नुसत्या ओठांनी. "पॉवेल मेरे घर का खाना खाता है," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

जमादार पॉवेलकडे गेला. पॉवेलनं कानावर हात ठेवले नाहीत, उलट खुशीत त्याला बसायला वेताचा मोढा दिला. गाठी आपण रंगवल्या नाहीत, एवढं त्यानं येशूची शपथ घेऊन सांगितलं. "मगर जमादार," तो डोळा बारीक करून म्हणाला, "वो लफ्ज मैंने अकोला से पहले सुना है."

"कहाँ?"

"जिसका नमक खाया, उसकी बात बाहर नहीं करते."

गाठींवर मार्के रंगवायचं काम वामन रंगारी करत असे. वामनच्या घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, अकोल्याची बातमी आली त्याच दिवशी तो पळाला. बहीण तेल्हाऱ्याला दिलेली आहे, तिकडेच गेला असेल. म्हणजे कुणीतरी वामनला पैसे चारले आणि शब्द रंगवून घेतला, असं बाजारात सगळेच म्हणत होते. पैसे चंद्रभाननं चारले की पॉवेलनं, एवढाच काय तो वाद होता.

शेवटी जमादार कोठडीत गेला. चंद्रभान भिंतीला टेकून बसला होता. पंचविशीचा, सडपातळ. बोटांवर शाईचे डाग अजून तसेच होते.

"मी नाई लिवला," तो लगेच म्हणाला.

"सगळे चोर हेच म्हणते."

"जमादार, तुमी माह्यासमोर गाठ ठेवा, बायबल ठेवा, गीता ठेवा. मी गाठींवर लिवला नाई, कोणाले लिवाले सांगतला नाई, अन् कोणाले चिठ्ठी देल्ली नाई."

"बरं. त्या शब्दाचा अर्थ तरी सांग. माह्या डोक्यात नीट शिरला नाई."

आणि तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट झाली. इतका वेळ रडकुंडीला आलेल्या त्या पोराचा चेहरा उजळला. त्यानं बोटानं हवेत अक्षरं काढली. हा कापूस, हा लक्षाधीश, हा इथं सांधा. सांधा दिसतच नाही, बघा, असं तो म्हणाला. जणू जमादार गिऱ्हाईक होता आणि तो त्याला रेशमाचा तागा उलगडून दाखवत होता.

"म्हणजे डनली साहेब," जमादार म्हणाला.

"नाई. साहेबावर नाई थो." चंद्रभानचं बोट हवेतच थांबलं. "थो आपल्या लोकायवर हाय. ज्यायनं चाकाले चांदी लावली अन् स्वतःले राजे समजून राहिले, त्यायच्यावर."

"तुले कसं ठाऊक कोणावर हाय थे? सारं गाव तं साहेबावर हसून राहिलं."

चंद्रभाननं मान खाली घातली आणि पुन्हा एकच वाक्य धरून बसला. "मी नाई लिवला."

बाहेर खुशाल माळी भाकरीचं फडकं घेऊन उभा होता. जमादारानं त्याच्याकडे न बघता तट्टावर खोगीर घातलं. पॉवेल सोडला तरी आणखी दोन माणसं आपल्याला काहीतरी सांगत नाहीत हे त्याला कळलं होतं, आणि त्यातला एक तुरुंगात होता तर दुसऱ्यानं त्याला तुरुंगात टाकलं होतं.

३

अकोल्याला पोचायला तिसरा दिवस उजाडला. अकरा गाठी वखारीच्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. वखारीचा मुकादम महादेवराव म्हणून होता, तो कंटाळून म्हणाला, "आता काय पाहून राहिले जमादार? आजलोक पन्नास साहेब येऊन पाहून गेले."

"त्यायनं काय पाह्यलं?"

"वाचलं अन् हासले."

"मले इंग्रजी वाचता येत नाई," जमादार म्हणाला. "म्हणून मी पाहीन."

तो गाठींसमोर उकिडवा बसला आणि तासभर उठला नाही. इंग्रजी येणारा माणूस शब्द वाचतो, अर्थ कळला की हसतो आणि निघून जातो. नत्थुजीला ती अक्षरं म्हणजे नुसत्या रेघा होत्या, त्यामुळे त्याला सगळ्याच रेघा सारख्या मोलाच्या होत्या. आणि त्याला दोन गोष्टी दिसल्या.

एक म्हणजे, अकरांतल्या चार गाठींवर शब्द उलटा होता. आधी त्याला वाटलं, गाठीच उलट्या ठेवल्या असतील. पण गोणपाटाची शिवण सगळ्यांची एकाच बाजूला होती. रंगवणाऱ्यानंच चार वेळा डोकं खाली, पाय वर केलं होतं. ज्याला वाचता येतं तो मस्करीतसुद्धा असं करत नाही. चिडवायचं तर समोरच्याला वाचता यायला हवं ना!

दुसरी गोष्ट शब्दाभोवती होती. शब्दाला एक गोल होता. मार्क्याला गोल असतोच, चौकट असते, शंकरपाळ्यासारखी चौकोनी कड असते. पेढ्या ओळखायच्या त्यावरूनच. म्हणून त्या गोलाकडे कुणी पाहिलं नव्हतं. पण हा गोल पुरा नव्हता. खाली उजव्या अंगाला दोन बोटं जागा कोरी सुटली होती. सुटू दे, हात उचलला असेल. पण अकराच्या अकरा गाठींवर ती जागा तिथंच सुटली होती, आणि उलट्या चार गाठींवर ती वर डाव्या अंगाला गेली होती.

"महादेवराव, डनली साहेबाच्या मार्क्याले गोल असते का?"

"नाई जी. त्याच्या मार्क्याले तिकोन असते. दुसऱ्या मालावर हाय, पाहा."

मग हा मोडका गोल आला कुठून? रंगाऱ्यानं तो मनानं काढलेला नव्हता. समोर ठेवलेल्या कुठल्यातरी कागदावरून जसाच्या तसा उतरवला होता, फटीसकट. म्हणजे कागद होता. आणि कागद ज्यानं दिला त्यानं गोल काढताना मधेच सोडून दिला होता, किंवा त्यानं तो काढलाच नव्हता.

"काढलाच नव्हता" हा विचार त्याला तेल्हाऱ्याच्या वाटेवर आला, आणि त्यानं तट्टाला टाच मारली.

४

तेल्हाऱ्याच्या पार्वताबाईंनी भाऊ घरात नाही असं सांगितलं, आणि सांगताना दोनदा कडब्याच्या गंजीकडे पाहिलं. जमादारानं गंजीसमोर बसून चिलीम पेटवली.

"वामन, बाहेर ये. मी तुले धरायले नाई आलो. चंद्रभान जेलात चालला, तुले समजलं का?"

बऱ्याच वेळानं कडबा हलला आणि वामन रंगारी बाहेर आला. साठीचा, गरीब, हातांना कोपरापर्यंत कायमचा काळा रंग चढलेला. तो बहिणीसमोर रडू लागला.

"म्या काय केलं जी? तीस वरसं झाले मार्के मारून राहिलो. कागदावर जे आलं थे मारलं. लोक म्हनते म्या साहेबाले शिवी देल्ली. मले शिवी तरी देता येते का इंग्रजीत?"

"कागद कोणं देल्ला? चंद्रभाननं?"

"नाई. गोदाबाईनं आनला. नेहमी तेच आनते."

गोदाबाई ही डनलीच्या बंगल्यावर झाडलोट करणारी बाई. साहेब मार्क्याच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं काढून मेजावर ठेवी. मार्का कारकुनाच्या हाती द्यायचा नाही, अशी पेढीची सक्त ताकीद होती. सकाळी झाडताना गोदाबाई चिठ्ठी उचलून वामनला नेऊन देई. मागच्या साली एकदा चिठ्ठी पोचायला उशीर झाला, तेव्हा साहेबानं तिला बूट फेकून मारला होता. तेव्हापासून गोल दिसो की तिकोन, ज्या कागदावर कसली कड दिसली तो ती धावत नेऊन देत असे.

"थो कागद कुठी हाय वामन?"

जमादारानं चिलीम खाली ठेवली. कागद फाडला असेल, जाळला असेल, चुलीत घातला असेल, तर एवढी सगळी रपेट फुकट होती आणि आठ दिवसांनी पोराच्या पाठीवर फटके बसणार होते.

वामन घरात गेला आणि सुतळीत ओवलेल्या चिठ्ठ्यांची एक माळ घेऊन आला. "धंद्याचा रिवाज हाय जी," तो म्हणाला. "उद्या कोणी म्हनलं मार्का चुकला, तं दाखवाले पायजे. एकबी चिठ्ठी म्या फेकली नाई." घरदार टाकून पळताना या माणसानं भाकरी घेतली नव्हती, पण चिठ्ठ्यांची माळ घेतली होती.

शेवटची चिठ्ठी जाड, मऊ, विलायती कागदाची होती. मधोमध तो शब्द, काळ्या शाईत. आणि भोवती गोल. पण गोल शाईचा नव्हता. फिकट तांबडा होता, आणि एका जागी तुटलेला. जमादारानं कागद नाकाशी नेला. महिना उलटला होता तरी आंबूस वास अजून गेला नव्हता.

"बह्याडा," तो हळूच म्हणाला, "हा मार्का नाई. दारूचा गिलास ठेवला व्हता याच्यावर."

वामन तोंडाचा आ करून बघत राहिला. तीस वर्षं ज्यानं गोलाच्या आतलं अक्षर म्हणजे मार्का एवढंच शिकलं, त्यानं दुसरं काय समजावं? गोदाबाईनं तेच समजलं, यानं तेच समजलं. दोघंही आपल्या कामाला चोख होते, आणि त्यांच्या चोखपणानं एक माणूस तुरुंगात गेला.

जमादारानं माळेतल्या बाकीच्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. प्रत्येकीवर तिकोन, पेढीचं अक्षर आणि खाली मुक्कामाचं नाव, साहेबाच्या हातचं. 'अकोला' या नावात दोन ठिकाणी एक अक्षर येत होतं, घराच्या छपरासारखं, आणि त्याच्या पोटातली आडवी रेघ साहेब दर वेळी भिंत फोडून उजवीकडे ओढत असे. शब्दाच्या चिठ्ठीवरही ते छप्पर एकदा आलं होतं. आणि त्याची रेघही भिंत फोडून उजवीकडे गेली होती.

५

निकालाच्या दिवशी कचेरीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. डिप्टी साहेब मराठी मुलखात काढलेल्या वर्षांमुळे मराठी बरं बोलत. त्यांच्या उजव्या हाताला डनली, त्यामागे पॉवेल. समोर हातकड्यांत चंद्रभान. दाराशी गर्दीत खुशाल माळी टाचा उंचावून उभा.

नत्थुजीनं मेजावर आधी सगळी माळ ठेवली, मग ती शेवटची चिठ्ठी. आयुष्यात एवढं लांब तो कधी बोलला नव्हता. चार उलट्या गाठी, म्हणजे रंगवणाऱ्याला वाचता येत नव्हतं. अकरा ठिकाणी एकसारखी फट, म्हणजे समोर कागद होता. कागदावरचा गोल दारूचा, म्हणजे कागद साहेबाच्या जेवणाच्या मेजावरचा. त्या मेजावर कारकून बसत नाही आणि माळकरी माळ्याचं पोरगं दारूला शिवत नाही. आणि छपराची रेघ उजवीकडे ओढणारा हात अमरावतीत एकच.

"सरकार," तो म्हणाला, "हा शब्द ज्या हातानं लिवला, त्याच हातानं फिर्याद लिवली."

गोदाबाईला पुढे बोलावलं. तिनं पदर तोंडाशी धरून सांगितलं, "साहेबाच्या पार्टीच्या दुसऱ्या दिशी मेजाखाली सापडला जी कागद. मले वाटलं मार्का हाय. उशीर झाला तं साहेब मारते."

डनली लाल झाला होता. नत्थुजीला वाटलं, आता याची नोकरी गेली, आणि बहुधा त्याबरोबर आपलीही. पण डिप्टी साहेबांनी चिठ्ठी उजेडात धरली, शब्द वाचला आणि त्यांच्या मिशा हलू लागल्या. ते डनलीकडे वळून इंग्रजीत काही बोलले. डनलीनं कोट सावरला. मग त्यानंही इंग्रजीत उत्तर दिलं, छाती थोडी पुढे काढून. डिप्टी साहेब मोठ्यानं हसले आणि त्यांनी डनलीच्या पाठीवर थाप मारली. मागे पॉवेल मात्र खिडकीबाहेर बघत होता.

आणि नत्थुजीची नजर चंद्रभानकडे गेली. सुटकेचा हुकूम होत होता, शिपाई हातकडीत किल्ली फिरवत होता, दाराशी त्याचा बाप "पांडुरंगा" म्हणून रडत होता. तरी पोराचं तोंड असं झालं होतं, की जणू शिक्षा आत्ताच सुनावली.

६

कचेरीच्या मागच्या पडवीत, नाव लिहून घ्यायच्या निमित्तानं, जमादारानं त्याला बाजूला घेतलं.

"काय बोल्ले रे ते दोघं?"

"डिप्टी साहेब म्हणाले, भल्लाच हुशार शब्द हाय डनली, तुमचाच का?" चंद्रभान मनगट चोळत होता. "अन् डनली साहेब म्हणाले, माह्या मेजावर दुसऱ्या कोणाचा राहीन? मंग डिप्टी म्हणाले, मुंबईच्या पेपरले कळवा, मालकबी हासन अन् सारं माफ करन."

"कळवन का थो?"

"आज सांजच्या डाकेनं."

जमादार त्याच्याकडे बघत राहिला. आणि मग एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात उशिरानं, लाजिरवाण्या उशिरानं, जागेवर बसली. हवेत अक्षरं काढणारं ते बोट. 'मी लिवला नाही', पण 'माझा नाही' असं एकदाही नाही. गावाला न कळलेला नेम त्याला आधीपासून ठाऊक. आणि साहेबाच्या तोंडून निसटलेलं, वो लफ्ज उसी का है. साहेब खोटं बोललाच नव्हता.

"थो शब्द तुहा हाय," जमादार म्हणाला.

चंद्रभान पडवीच्या खांबाला टेकला. मग बोलला तेव्हा थांबला नाही. पार्टीच्या दिवशी साहेबानं त्याला कागद घेऊन बोलावलं होतं. गोरे लोक दोन शब्द जोडून एक करायचा खेळ खेळत होते. पॉवेल म्हणाला, हे चांदीच्या चाकांचे कुणबी, यांच्यासाठी एक शब्द करा. कोणालाच जमेना. खुर्चीमागे उभ्या असलेल्या चंद्रभानच्या तोंडून तो आपोआप गेला. मग डनलीनं शब्द कागदावर लिहिला, गिलास उचलून पुन्हा त्यावर ठेवला, आणि सगळ्यांनी मेज बडवून म्हटलं, शाबास डनली.

"कोणी माह्याकडे पाह्यलंबी नाई," चंद्रभान म्हणाला. "तरी मले इतका आनंद झाला व्हता जमादार. घरी जातपर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणत गेलो. शंभर वर्षानं कोणी इचारलं, हा शब्द कोणं केला, तं राजापेठेतल्या एका माळ्यानं केला, असं माह्या मनात आलं. मंग गाठी निंघाल्या, अन् साहेबानं मले धरलं. शब्द माहा म्हणू तं फटके. नाई म्हणू तं... तुमी मले सोडवलं. त्याले देऊन टाकला अन् मले सोडवलं."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. पण बीळ खणून, झाडून, वर पुराव्याची रांगोळी घालून नागोबाला आत बसवणारा नत्थुजीच होता. पंचवीस वर्षांच्या चाकरीत त्यानं एवढा चोख तपास कधी केला नव्हता, आणि एवढी मोठी चोरीही कधी पचवून दिली नव्हती.

"अहवाल लिवायचा बाकी हाय," तो म्हणाला. "तू म्हणशील तं खरं लिवतो. शब्द चंद्रभान खुशाल माळी याचा."

चंद्रभाननं दाराकडे पाहिलं. हातकड्या अजून शिपायाच्या हातातच होत्या. "खरं लिवाल तं साहेब म्हणन, शब्द याचा तं बदमाशीबी याचीच. पुन्हा अंदर. अन्..." तो थांबला. "पार्टीत कुणबी म्हणाले ते. पण शब्द माह्या तोंडून निंघाला तेव्हा माह्या डोळ्यासमोर एकच मानूस व्हता. वांग्याचे वाफे मोडून ज्यानं कापूस पेरला अन् दसऱ्याले चाकाले चांदी ठोकली. तुमी पाह्यला त्याले. तुमच्याच दारात येऊन बसला व्हता."

जमादारानं दौतीवर झाकण ठेवलं.

तेवढ्यात खुशाल माळी पडवीत आलाच. त्यानं आधी पोराची मनगटं चाचपली, मग जमादाराचे पाय धरले, मग उभा राहून डोळे पुसले.

"म्या म्हणलं व्हतं ना जमादार, थो शब्द याचा नाई? साहेबाचाच निंघाला!" मग तो पोराकडे वळला. "काय रे, त्या शब्दाचा अर्थ काय होते? सारे हासते, मले कोणी सांगत नाई. शिवी हाय का?"

नत्थुजी भिंतीकडे पाहू लागला.

"शिवी नाई," चंद्रभान म्हणाला. "कापसानं जो मोठा झाला त्याले म्हनते. आपल्यासारख्याले."

"साहेबानं म्हटलं? आपल्याले?" म्हातारा हरखून गेला. "पुन्हा एक डाव सांग बरं."

"कॉटनेअर."

बाजारातून गाडी हळूहळू निघाली. खुशाल माळी ओळखीचा माणूस दिसला की बैल थांबवायचा. माहं पोरगं निर्दोष सुटलं, हे सांगून झालं की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "अन् साहेबानं आमाले नाव देल्लं हाय, नाव. मोठ्या मानसाले देते तसं. काय रे थे?" शब्द त्याच्या जिभेवर टिकत नव्हता. लोक हसत होते आणि म्हाताऱ्याला ते कौतुकाचं हसू वाटत होतं. चंद्रभान त्याच्या शेजारी बसला होता, आणि बाप विचारी त्या प्रत्येक वेळी तो शब्द नीट, सावकाश, फोड करून सांगत होता.